दूरस्थ प्रतजतन

मूळ अभिलेख किंवा विदा नष्ट झाल्यास, बिघडल्यास अथवा कोणी हेतुपुरस्सर बदलल्यास ती पुन्हा उभी करता यावी, म्हणून तिची प्रत मूळ जागेपासून दूर व शक्यतो निराळ्या ताब्यात ठेवण्याची व्यवस्था. संगणकाच्या संदर्भात या प्रतीस ‘बॅकअप’ म्हणतात. सर्व्हरवरील विदेची प्रत ठरलेल्या वेळी, माणसाने आठवण न ठेवताही, दूरच्या साठवणकेंद्राकडे धाडण्याचे काम ‘स्क्रिप्ट’ म्हणजे क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी करते. तंत्र नवे असले, तरी त्यामागील गरज जुनी आहे. महाराष्ट्रात जमिनीच्या हक्काची नोंद एकाहून अधिक ठिकाणी ठेवण्याची प्रथा संगणकापूर्वी निदान दोन-तीन शतके चालत आली आहे. तिचा इतिहास पाहिला असता सुरक्षित प्रतीच्या चार अटी स्पष्ट होतात : प्रत निराळ्या जागी असावी, निराळ्या हाती असावी, नियमित वेळी घेतली जावी आणि ती मुळाशी ताडून पाहिली जावी. यांपैकी पहिल्या तीन अटी यंत्राने बऱ्याच सुलभ केल्या. चौथी अजून माणसावरच अवलंबून आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर, सोलापूरच्या वायव्येस असून ते कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद कोणकोणत्या दप्तरांतून फिरत आली, हे पाहिल्यास दूरस्थ प्रतजतनाच्या इतिहासाचे मुख्य टप्पे एकाच ठिकाणी दिसू शकतात.

मराठी अंमलातील पद्धती : गावाचे हिशेब व जमिनीची नोंद कुलकर्णी ठेवीत असे. परगण्याचे दप्तर देशपांड्याकडे आणि राज्याचे हुजूर दप्तरात असे. एकाच महसुलाचे आकडे अशा रीतीने गाव, परगणा व हुजूर या तीन पायऱ्यांवर निरनिराळ्या हातांनी लिहिले जात. वतन वा इनामाची सनद देताना ती संबंधित देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी व कमाविसदार यांना दाखविली जाई. तिची ‘तालीक’ म्हणजे नक्कल लिहून घ्यावी, मूळ पत्र वतनदारास भोगवट्यासाठी परत द्यावे आणि दरसाल नव्या पत्राचा आग्रह धरू नये, अशा आशयाचा मजकूर सनदांच्या अखेरीस नेहमी आढळतो. मूळ कागद हक्कदाराकडे व नकला अधिकाऱ्यांकडे, अशी ही विभागणी होती. घराला आग लागली, लुटीत कागद गेले किंवा भाऊबंदकीत ते दडविले गेले, तरी दावा अगदीच निराधार होत नसे.

या व्यवस्थेचे दोषही उघड होते. कुलकर्ण्याचे दप्तर बहुधा त्याच्याच घरी असे व तो वतनदार असल्याने नोंदीत त्याचा स्वतःचा हितसंबंध असू शके. नक्कल केव्हा घ्यावी, याला सनदेसारखे निमित्त लागे. वरच्या दप्तराची शिस्तही राज्यकर्त्यांच्या दक्षतेवर अवलंबून असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हुजूर दप्तराची आबाळ होऊन कागद विखुरले गेले. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर इंग्रजांनी हे कागद पुण्यात गोळा केले. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्याचा अंतर्भाग आगीत भस्मसात झाला. मोठ्या सरकारी वास्तूतही कागद सुरक्षित राहतीलच असे नाही, याची ती ठळक सूचना होती. १८५२ च्या अकराव्या अधिनियमान्वये इनाम आयोगाला इनामांच्या चौकशीचे अधिकार मिळाले, तेव्हा गावोगावच्या इनामदारांनी सादर केलेले कागद सरकारजमा झालेल्या दप्तराशी ताडून पाहिले गेले. पूर्वी हक्काला आधार देणारी नक्कल या वेळी हक्काची कसोटी बनली. ज्याच्या सनदेची नोंद वरच्या दप्तरात मिळाली नाही, त्याचे इनाम धोक्यात आले.

कर्जरोखे व १८७९ चा कायदा : एकाच हाती असलेला कागद किती घातक ठरतो, याचा प्रत्यय १८७५ मधील दख्खनच्या दंग्यांत आला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः सावकारांकडील खतपत्रांवर होता व ती हस्तगत करून जाळण्यात आली. बहुसंख्य कुणब्यांना वाचता येत नव्हते आणि रोख्याची खात्रीची नक्कल त्यांच्यापाशी नसे. खतात काय लिहिले आहे, किती फेड जमा झाली आहे, हे सावकाराच्या वहीवरूनच ठरे. चौकशीनंतर झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम पुणे, अहमदनगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यामुळे मोडनिंबचा परिसरही त्याच्या कक्षेत आला. या कायद्याने ग्रामनिबंधकांची तरतूद केली. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त निबंधकासमोर वा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा व त्याची नोंद निबंधकाच्या वहीत व्हावी, असा दंडक घालण्यात आला. धनको आणि ऋणको यांच्याखेरीज तिसऱ्या हाती प्रत ठेवण्याचे तत्त्व त्यामुळे ग्रामीण व्यवहारात आले.

सर्वेक्षण व अधिकार अभिलेख : मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची सुधारित पद्धती गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात प्रथम अमलात आणली. हा तालुका माढ्याच्या शेजारचा असून पुढे सोलापूर जिल्ह्यातही हीच पद्धती लागू झाली. तीमुळे प्रत्येक शेतास क्रमांक, नकाशा व आकार मिळाला. आकारबंदासारखे अभिलेख गाव, तालुका आणि भूमापन खाते अशा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले जाऊ लागले. १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धती सुरू झाली. कुलकर्णी वतने १९५० च्या अधिनियमाने रद्द होऊन गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. आता या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे. सातबाराचा उतारा म्हणजे गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक, व गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही, यांचा जोड. मालकीत बदल झाल्यास तो प्रथम गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीत येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५७ नुसार अशी प्रमाणित नोंद, तिच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून नोंद हरवणे किंवा चुकणे ही केवळ कारकुनी बाब राहत नाही. ती चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर येऊन पडतो. पीककर्ज, वारसहक्क, भूसंपादनाचा मोबदला, न्यायालयातील दावा या सर्वांना हाच उतारा लागतो.

कागदी महसूल दप्तराची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेण्याजोगी आहेत. कागदांची वर्गवारी करून अ वर्गातील कायम, ब वर्गातील ३० वर्षे व त्याखालील वर्गांतील उत्तरोत्तर कमी काळ ठेवावेत, अशी शिस्त होती. तसेच १ ऑगस्ट ते ३१ जुलै या महसुली वर्षाच्या जमाबंदीत गावचे हिशेब तालुक्याच्या हिशेबांशी ताडून पाहिले जात. प्रत ठेवणे आणि प्रत तपासणे ही दोन्ही कामे अशा प्रकारे वार्षिक कामकाजातच बसविलेली होती. दूरच्या प्रतीचे मोल या भागाला उजनी धरणाच्या वेळीही कळले. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले व त्याच्या जलाशयात अनेक गावठाणे बुडाली. मोबदला व पुनर्वसन यांकरिता जमीनधारणेचा पुरावा लागला आणि गाव पाण्याखाली गेल्यावरही तो वरच्या दप्तरांतून देता आला.

संगणकीकरण : भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा केंद्रपुरस्कृत प्रायोगिक प्रकल्प १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाला, महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडण्यात आला होता. २००८ पासून राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाने या कामाला गती दिली. प्रारंभीच्या टप्प्यात विदा तालुका कार्यालयातील संगणकांवर राही, पुढे ती मध्यवर्ती विदाकेंद्रांत नेण्यात आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. राज्यातील सातबारांची संख्या अडीच कोटींच्या आसपास आहे.

या स्थित्यंतराने प्रतजतनाचे स्वरूप पालटले. कागदी पद्धतीत एकाच नोंदीचे वेगवेगळ्या दप्तरांतील लेख आपोआप स्वतंत्र असत. ते वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले असत. मध्यवर्ती सर्व्हरवर मात्र मोडनिंबचा तलाठी, माढ्याचा तहसीलदार आणि मुंबईतील अधिकारी एकाच नोंदीकडे पाहत असतात. सोय वाढली, विसंगती घटली. परंतु सर्व्हर बंद पडला वा विदा बिघडली, तर तिघांसमोरील नोंद एकाच क्षणी नाहीशी होते. म्हणून पूर्वी कामाच्या ओघात निर्माण होणारी दुसरी प्रत आता मुद्दाम निर्माण करावी लागते.

स्वयंचलित पद्धतीचा विकास : विदेच्या प्रती प्रथम चुंबकीय फितींवर घेतल्या जात. १९५० नंतरच्या दशकात फीत हे संगणकाचे प्रमुख साठवण-साधन बनले. रात्री फिती भरून सकाळी त्या वाहनाने दुसऱ्या इमारतीत वा तिजोरीत नेण्याची पद्धती अनेक दशके रूढ होती. तीत प्रत दूर जाई, पण ती रोज नेली जाणे चालकाच्या नियमितपणावर अवलंबून असे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत दोन उपयुक्त साधने होती. ‘टार’ ही अनेक फायली एका गठ्ठ्यात बांधते, तर ‘क्रॉन’ ही ठरलेल्या वेळी ठरलेले काम सुरू करते. क्रॉनच्या नेहमीच्या वेळापत्रकात मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना व आठवड्याचा वार असे पाच रकाने असतात व त्यांपुढे आज्ञा लिहिलेली असते. दररोज पहाटे दोन वाजता प्रत घ्यावी, ही सूचना त्यामुळे एका ओळीत देता येते. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युल्योनेन यांनी ‘एसएसएच’ हा कूटबद्ध संपर्काचा मार्ग तयार केला. त्यामुळे सार्वजनिक जाळ्यावरूनही विदा गुप्त राखून पाठविता येऊ लागली. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तीत दूरचा संगणक आपल्याकडील जुन्या फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाची संक्षिप्त गणिती खूण पाठवितो. मूळ संगणक त्या खुणा नव्या फाइलशी जुळवून पाहतो व न जुळणारा भागच धाडतो. याची उपयुक्तता साध्या हिशेबाने कळते. एक टेराबाइट विदा सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या वाहिनीतून पाठविण्यास सुमारे २२ तास लागतात. म्हणजे रोजची पूर्ण प्रत रात्रीत जाणे अशक्य. बदल मात्र काही मिनिटांत जाऊ शकतो. २००६ पासून ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी भाड्याची दूरस्थ साठवण उपलब्ध केली आणि २०१६ मध्ये या कंपनीने मुंबई परिसरात आपली विदाकेंद्रे सुरू केली. लहान संस्थांनाही स्वतःचे दुसरे केंद्र न उभारता दूरची प्रत ठेवणे त्यामुळे शक्य झाले.

कार्यपद्धती : चांगल्या स्क्रिप्टमधील कामांचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो. प्रथम माहितीकोशाची सुसंगत प्रत काढली जाते. चालू माहितीकोशाच्या फायली तशाच उचलल्या, तर नक्कल चालू असताना झालेला फेरफार अर्धा जुन्या व अर्धा नव्या स्थितीत उतरू शकतो. म्हणून एका विशिष्ट क्षणाची स्थिती गोठवून तीच उतरवून घ्यावी लागते. नंतर ती आकुंचित व कूटबद्ध केली जाते आणि तिची गणिती खूण काढून जवळ ठेवली जाते. मग प्रत दूरच्या केंद्राकडे जाते व तेथे ती खूण पुन्हा काढून पहिलीशी जुळविली जाते. शेवटी मुदत संपलेल्या प्रती काढून टाकल्या जातात व कामाचा वृत्तांत व्यवस्थापकाकडे पाठविला जातो. दैनिक प्रती काही दिवस, साप्ताहिक काही आठवडे, मासिक काही महिने व वार्षिक दीर्घकाळ ठेवण्याचा प्रघात आहे. महसूल दप्तरातील अ, ब, क, ड वर्गांशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. जुन्या प्रती ठेवण्याचे कारण असे, की चूक पुष्कळदा उशिरा ध्यानात येते. वारसनोंद तीन महिन्यांपूर्वी बिघडली असेल, तर कालची प्रत तीच चूक दाखविते.

कूटबद्ध प्रतीची किल्ली मूळ सर्व्हरवरच ठेवली, तर सर्व्हरबरोबर तीही जाते व दूरची प्रत असून नसल्यासारखी होते. तसेच प्रत पाठविणाऱ्या सर्व्हरला दूरच्या केंद्रातील प्रती पुसण्याचा अधिकार दिला, तर सर्व्हरचा ताबा मिळविणारा घुसखोर दोन्ही ठिकाणची विदा नष्ट करू शकतो. म्हणून दूरच्या केंद्राने स्वतः येऊन प्रत ओढून घ्यावी किंवा लिहिलेली प्रत ठरावीक मुदतीत कोणासही पुसता येऊ नये, अशी रचना श्रेयस्कर मानतात. कुलकर्ण्याच्या दप्तराला देशपांड्याचे दप्तर पूरक असे, ते याच कारणाने.

अंतराचा प्रश्न : एकच आपत्ती दोन्ही प्रतींपर्यंत पोहोचू नये, इतके अंतर असावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, त्या दिवशी शहरातल्या शहरात ठेवलेल्या दोन प्रतींना एकाच पुराचा धोका होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा व ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांमुळे भूकंपाच्या दृष्टीने निराळा प्रदेश निवडण्याचे महत्त्व महाराष्ट्रास परिचित आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची मोठी विदाकेंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर अशा परस्परांपासून दूरच्या शहरांत आहेत. तथापि भौगोलिक अंतर पुरेसे नाही. जाळ्याने जोडलेल्या दोन संगणकांत हजार किमी. अंतर असले, तरी विध्वंसक आज्ञावली ते क्षणात ओलांडते.

काही घटना : २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत चौथ्या ते सहाव्या मजल्यांवरील कार्यालयांची मोठी हानी झाली व जीवितहानीही झाली. जळालेल्या कागदी संचिका पुन्हा उभ्या करताना जिल्हा कार्यालये व अन्य विभाग यांच्याकडील प्रतींचा आधार घ्यावा लागला. पत्राची स्थळप्रत ठेवण्याची जुनी कार्यालयीन सवय येथे उपयोगी पडली. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या नौवहन कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या धक्क्याचे कामही थांबले. कंपनीच्या जाळ्याचा आधार असलेल्या नियंत्रक सर्व्हरांच्या प्रती एकमेकांवरच अवलंबून असल्याने सर्व एकदम गेल्या. घानामधील कार्यालयात वीज नसल्याने बंद राहिलेला एकच सर्व्हर बचावला व त्यावरून व्यवस्था पुन्हा उभारता आली. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीसाठी हल्ला झाला. जाळ्याच्या निराळ्या भागात ठेवलेल्या बॅकअपच्या प्रती त्यातून वाचल्याचे महामंडळाने सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला होऊन रुग्णनोंदणी बरेच दिवस कागदावर करावी लागली. प्रत असणे आणि त्या प्रतीवरून काम लवकर सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेने दाखविले. म्हणून कोणत्याही संस्थेने दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावी लागतात : किती तासांची विदा गेली तर चालेल आणि किती तासांत काम पूर्ववत व्हावे. पहिल्याच्या उत्तरावरून प्रत किती वेळा घ्यावी, हे ठरते; दुसऱ्याच्या उत्तरावरून ती कोठे व कशी ठेवावी, हे ठरते.

पडताळणी : स्वयंचलित पद्धतीचा मोठा धोका तिच्या निःशब्दतेत आहे. साठवण भरली, परवलीचा शब्द बदलला किंवा माहितीकोशाचे नाव पालटले, तर स्क्रिप्ट रोज वेळेवर सुरू होते, पण रिकामी वा अपुरी प्रत ठेवून थांबते. नक्कलनवीस आजारी पडला, तर त्याची गैरहजेरी कार्यालयात दिसते. स्क्रिप्टची दिसत नाही. यावर उपाय एकच, की ठरावीक काळाने प्रत खरोखर दुसऱ्या संगणकावर उभी करून तीतील नोंदी वाचून पाहाव्यात. २०१७ मध्ये राज्यात सातबारांच्या अचूकतेसाठी राबविलेल्या मोहिमेत हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यात आले आणि ग्रामस्थांसमोर चावडी-वाचन करण्यात आले. आढळलेल्या लेखनदोषांची दुरुस्ती जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली करता येते. ज्याचा हक्क नोंदलेला आहे, त्यालाच ती नोंद वाचून दाखविण्याचा हा मार्ग कोणत्याही गणिती खुणेपेक्षा अधिक खोल जातो. खूण एवढेच सांगते, की प्रत मुळाबरहुकूम आहे. मूळ खरे आहे की नाही, हे शेताचा धनीच सांगू शकतो. जुने हस्तलिखित अभिलेख स्कॅन केल्यानंतरही मूळ कागद जपणे त्यामुळे आवश्यक ठरते; संगणकातील नोंदीविषयी वाद उत्पन्न झाल्यास तिच्यापासून स्वतंत्र असा पुरावा म्हणून तेच पुढे करता येतात.